इतरांसाठी प्रार्थना की टोमणे?

महोदय,
रविवारच्या मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) प्रवचन व विश्वासांगीकारानंतर (श्रद्धेच्या जाहीर कबुलीनंतर) इतरांसाठी जी प्रार्थना होते, तिचा क्रम साधारण ठरलेला आहे: ख्रिस्तसभा (सगळे चर्च), राज्यकर्ते व जग, अडचणीतले लोक आणि शेवटी आपला धर्मग्राम, म्हणजे आपल्या चर्चचा स्थानिक समुदाय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६३ मध्ये ही प्रार्थना पुन्हा सुरू करायला सांगितले. प्रत्यक्षात अनेकदा धर्मग्रामापासून सुरुवात होते आणि तिथेच गाडी अडते.

विनंती एका वाक्याची असावी: कोणासाठी आणि काय. पाच-सहा ओळी लांबल्या की ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ हा प्रतिसाद कधी म्हणायचा तेच लोकांना उमगत नाही. ‘तरुणांना सुबुद्धी दे, म्हणजे ते मिस्सेला येतील’ ही तर प्रार्थना नव्हेच, टोमणा आहे. आजाऱ्याचे नाव घरच्यांना विचारून घ्यावे. आजाराचे घेऊच नये. देवाला तो ठाऊक असतो, गावाला कळायची गरज नसते.

बायबलमधल्या अब्राहामाने सदोम नगरासाठी देवाकडे रदबदली केली: पन्नास नीतिमान सापडले तर ते वाचव, इथपासून दहा सापडले तरी वाचव, इथपर्यंत; तीही परक्या नगरासाठी! आपल्या यादीत निदान एक तरी नाव धर्मग्रामाबाहेरचे असावे. विनंत्या आदल्या दिवशी मोठ्याने वाचून पाहाव्यात. दम लागला तर वाक्य तोडावे.

– एक वाचक, वसई