दुसऱ्याला लिहिलेले पत्र

ठाणे

प्रिय आई व बाबा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

मागच्या खेपेस तुम्ही इकडे आला होतात, तेव्हा रविवारची उपासना आटोपून आपण मासुंदा तलावाच्या काठी बसलो असताना बाबांनी विचारले होते की, प्रेषित पौलाने करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला तिच्या भांडणांविषयी लिहिलेले, बायबलमधले पत्र आज आपल्याला देवाचे वचन म्हणून का बंधनकारक असावे. आईचे गुडघे दुखत होते, रिक्षा मिळत नव्हती, आणि मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. ते उत्तर माझे मलाच पटले नाही.

बाबा, ही पत्रे दुसऱ्यांना लिहिलेली आहेत हे खरे. पण ती फक्त त्यांच्यासाठी नव्हती, हे पौल स्वतःच सांगतो. कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो बजावतो की, हे पत्र लावदिकीयातील मंडळीतही वाचून दाखवा आणि तिकडून येणारे पत्र तुम्हीही वाचा. थेस्सलनीकाकरांबद्दल तो देवाचे आभार मानतो, कारण त्याच्या तोंडचा संदेश त्यांनी माणसाचा नव्हे, तर देवाचा म्हणून स्वीकारला. म्हणजे हा अधिकार नंतरच्या लोकांनी पत्रांना चिकटवलेला नाही. ३६७ मध्ये आलेक्सांद्रियाचा बिशप अथनासियस याने नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची यादी आपल्या पत्रात दिली, तेव्हा मंडळ्या त्यांतील बहुतेक पुस्तके कित्येक पिढ्या वाचत आल्या होत्या. त्याच पत्रात ‘दिदाखे’ हे जुने शिक्षण नवशिक्यांनी वाचण्याजोगे म्हटले आहे, पण त्या सत्तावीसमध्ये ते नाही. केवळ जुनेपणामुळे अधिकार येत नाही.

मला सर्वांत जास्त धीर देतो तो पहिल्या करिंथकरांस पत्राचा सातवा अध्याय. पत्नीने पतीला सोडू नये, ही आज्ञा आपली नसून प्रभूची आहे असे पौल म्हणतो. लगेच पुढे, विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराविषयी, हे प्रभू नव्हे, मी सांगतो, असे लिहितो. आणि अविवाहितांसंबंधी तर प्रभूची आज्ञा मला मिळालेली नाही, मी माझे मत देतो, असे मोकळेपणाने कबूल करतो. स्वतःचे म्हणणे प्रभूच्या नावावर खपवायचे असते, तर त्याने ही रेघ ओढलीच नसती. तरीही तो आपल्या बोलण्याचे वजन कमी करत नाही. त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात, मी लिहितो ते प्रभूची आज्ञा आहे, असे तो ठामपणे म्हणतो.

याच ठाण्यात १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू या विश्वासापायी मारले गेले. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण त्यांचे मरण मी पुरावा म्हणून पुढे करणार नाही. माणसे चुकीच्या गोष्टीसाठीही प्राण देतात. बिरुया नगरातील लोकांनी पौलाचे ऐकून रोज शास्त्रलेख पडताळून पाहिले, ती वाट मला अधिक भरवशाची वाटते.

आई, उपासनेत मी डोक्यावर पदर घेत नाही, हे तुला खटकते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातली, स्त्रीने प्रार्थनेत मस्तक झाकावे ही आज्ञा मी टाळत नाही. करिंथमध्ये मस्तक झाकण्याला जो अर्थ होता, तो इथे उरला आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि त्यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही. तू पदर घेतेस ते मला मनापासून आवडते.

बाबा, सातवा अध्याय एकदा सावकाश वाचा आणि शंका असतील त्या कळवा. हे पत्र आत्यालाही वाचून दाखवा.

तुमची लेक