‘इंडियन आहोत म्हणून सांगा’

संपादक महोदय,

ऑस्ट्रेलियाबद्दल मराठी वृत्तपत्रांत येतं ते बहुतेक क्रिकेट, विद्यापीठं आणि व्हिसाबद्दल. तिथल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, बायकांनी स्वतःची कहाणी सांगितली आहे, तिची दखल क्वचितच घेतली जाते. त्यातल्या एका कहाणीत तर आपणही आहोत!

सॅली मॉर्गन यांचा जन्म 1951 सालचा, पर्थचा. शाळेतली मुलं विचारायची, तुम्ही कुठले? आईने पढवून ठेवलं होतं : इंडियन म्हणून सांगा. आपण ॲबोरिजिनल आहोत हे सॅलीला कळलं तेव्हा ती पंधराएक वर्षांची होती. 1987 च्या ‘माय प्लेस’ या तिच्या आत्मकथनात हे वाचताना आधी हसू येतं. पण 1905 च्या कायद्यानुसार पश्चिम ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल मुलांचा कायदेशीर पालक आई-बाप नव्हे, तर सरकारचा ‘चीफ प्रोटेक्टर’ असे. मुलं, विशेषतः उजळ रंगाची, आईपासून तोडून संस्थेत ठेवली जात. सॅलीची आई ग्लॅडिस स्वतः जेमतेम तीन वर्षांची असताना बालगृहात गेली होती. तिने आपल्या मुलांना इंडियन केलं ते या धास्तीने.

आजी डेझींनी तर शेवटपर्यंत सगळं सांगितलं नाहीच. नातीने किती खोदून विचारलं, तरी काही गोष्टी त्यांनी स्वतःपाशीच ठेवल्या. आत्मकथन म्हटलं की सगळं उघडं करावं, अशी आपली वाचकांची मागणी असते. मला मात्र आजींचं न सांगणं पटलं. सरकारने जिचं मूलही तिचं राहू दिलं नाही, तिच्याकडे निदान तेवढं तरी तिचं होतं.

डोरिस पिल्किंग्टन या दुसऱ्या ॲबोरिजिनल लेखिकेने आपली आई मॉली हिची हकीकत लिहिली. 1931 मध्ये मूर रिव्हर इथल्या, ॲबोरिजिनल लोकांना ठेवण्याच्या सरकारी वसाहतीतून पळून मॉली आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन सुमारे 1600 किलोमीटर चालत जिगालाँगला घरी पोचली. पुढे डोरिसही लहानपणी त्याच वसाहतीत अडकल्या. मुलं अशी तोडण्याबद्दलच्या 1997 च्या सरकारी चौकशी अहवालात पाचशेहून अधिक ॲबोरिजिनल जणांचं म्हणणं नोंदवलं गेलं आणि 2008 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली.

26 मे हा तिथे ‘सॉरी डे’ म्हणून पाळतात. त्या सुमारास आपल्या रविवार पुरवणीत या बायकांच्या कथनांवर एखादं पान द्यावं, ही विनंती. ऑस्ट्रेलियात मुलं-नातवंडं असलेले आमच्यासारखे वाचक ते नक्की वाचतील.

आपली,
एक वाचक, सातारा