दोर माझ्या हातात होता

प्रिय बाळ्या,

महिनाभर तुझ्या पत्राला उत्तर नाही, तेव्हा शिव्या घालून झाल्या असतीलच. गेले आठ दिवस तापाने अंथरुणात होतो. भाच्याने लॅपटॉपवर ‘ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’ लावून दिली, अमेरिकेतली १९५२ची मालिका. मामा हसेल आणि ताप उतरेल, हा त्याचा हिशेब. हसलो खूप. पण एका गोष्टीपाशी अडकलो, म्हणून हे पत्र.

आधी हसण्याचं सांगतो. पैशाची तंगी अशी की आपल्या गणपतीतल्या नाटकाची आठवण यावी. संपादकाच्या केबिनमधले कितीतरी भागांचे प्रसंग एका दमात उरकायचे, म्हणून सगळे सदा त्याच कपड्यांत. पहिल्या वर्षीच्या लोइस लेनची, म्हणजे त्यातल्या बातमीदार बाईची, टोपीसुद्धा तीच! संपादक झालेले जॉन हॅमिल्टन टेबलावरचे कागद चाळतात ना, त्यातच त्यांचे संवाद लपवलेले असायचे. (आपला दशरथ उशीखाली वही ठेवून मरायचा, तसंच.) सुपरमॅनचा पोशाख तर सुरुवातीला निळा-लाल नव्हताच. कृष्णधवल चित्रात नीट उठावा म्हणून तपकिरी आणि करडा. खांद्यांना आतून रबराची भर. गुंड गोळ्या झाडतो, हा छाती काढून मख्ख उभा. गोळ्या संपल्यावर गुंड रिकामं पिस्तूल फेकून मारतो, तर एके ठिकाणी हा गडी चक्क खाली वाकतो! ते मी तीनदा मागे नेऊन पाहिलं.

पण सुपरमॅन झालेला जॉर्ज रीव्ह्ज आवडला मला. त्याचा क्लार्क केंट, म्हणजे साध्या कपड्यांतला सुपरमॅन, बावळट नाही, चांगला खमक्या बातमीदार आहे. आणि ‘कुठे या पोरखेळात येऊन पडलो’ असं तोंडावर कधी दिसू देत नाही.

तर मुद्दा. पहिल्यांदा त्याला तारांना टांगून उडवायचे. एकदा तार तुटली आणि पोलादी पुरुष धाडकन जमिनीवर. मग तारांऐवजी उसळफळी आली. धावत यायचं, आपल्याला न दिसणाऱ्या फळीवर पाय मारायचा आणि खिडकीबाहेर झेप. आकाशातलं उडणं पुढे धडाच्या मापाच्या एका साच्यावर पालथं पडून व्हायचं, साचा पोशाखाखाली झाकलेला. एका झेपेआधी त्याची नजर क्षणभर खाली गेली, असं मला वाटलं. फळी जागेवर आहे ना, ते बघायला.

तिथे मला तू दिसलास. शेंदूर फासलेला, काथ्याची शेपटी, हातात पुठ्ठ्याचा द्रोणागिरी. पडलास तो थेट पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या पायाशी. पुढच्या वर्षी दोराला हात लावायला तयार नव्हतास, आणि आम्ही सगळ्यांनी तुझा ‘भित्रा मारुती’ करून टाकला. सगळ्यांत जास्त मी.

बाळ्या, कप्पी अडकली नव्हती रे. विंगेत भज्यांचा पुडा आला होता. मी एक हात सोडला, दुसऱ्याला तुझं वजन पेललं नाही. सगळे कप्पीच्या नावाने ओरडत होते, मीही ओरडलो. पस्तीस वर्षं झाली.

दिवाळीत येतोयस ना? मनगट अजून थंडीत दुखतं का, तेही लिही. आणि वहिनींना हे पत्र मी आल्यावरच दाखव, म्हणजे एकदाच बोलणी खाईन.

तुझा,
दिग्या