सामुदायिक सागरी सफरींच्या सुरक्षा साहित्यासाठी सभासदांना व हितचिंतकांना आवाहन

सस्नेह नमस्कार.

हंगाम उघडण्यापूर्वी क्लबची कार्यकारी समिती दरवर्षी सफरींचे वेळापत्रक सभासदांपुढे ठेवते. या वेळी वेळापत्रकाच्या आधी हे आवाहन ठेवावे लागत आहे, कारण ज्या सामायिक साहित्याच्या भरवशावर आपल्या मुक्कामी सफरी निघतात, त्यातील बऱ्याच वस्तूंची मुदत संपली आहे किंवा या हंगामात संपणार आहे. ते साहित्य बदलल्याशिवाय अथवा रीतसर तपासून घेतल्याशिवाय रात्रीच्या मुक्कामाची एकही सफर काढायची नाही, असा निर्णय समितीने एकमताने घेतला आहे. सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या, किनारा नजरेआड होऊ न देणाऱ्या फेऱ्या मात्र चालू राहतील.

ज्यांच्याकडे स्वतःची सर्व साहित्याने सज्ज नौका आहे, त्यांचे या निर्णयामुळे काहीच अडणार नाही. ते आजही निघू शकतात. अडणार आहे ते ज्यांच्याकडे नौका नाही अशांचे, आणि आपल्या सफरींत बहुसंख्या त्यांचीच असते. शिडाच्या नौकांचा क्लब म्हणजे नौकामालकांचे मंडळ, असा बाहेर एक समज आहे. जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ नावाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली हे खरे. परंतु किनाऱ्याकिनाऱ्याने कुटुंबासह हिंडणाऱ्या सर्वसाधारण नौकेला माणसे लागतात. ताशी पाच सागरी मैलांच्या चालीने तीस मैलांवरचे बंदर गाठायला सहा तास जातात, आणि त्या सहा तासांत कोणी सुकाणू धरायचे, कोणी शिडांचे दोर सांभाळायचे, कोणी नकाशावर जागा नोंदवायची, शिवाय कोणी तरी सतत चौफेर नजर ठेवायची असते. ही नजर ठेवणे ऐच्छिक नाही. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचव्या नियमानुसार ते प्रत्येक नौकेवर बंधनकारक आहे. म्हणजे मालकाला सोबती हवेत आणि सोबत्यांना नौका हवी. या दोघांची गाठ घालून देणे हेच आपल्या क्लबचे मुख्य काम आहे, असे समिती मानते. शर्यतींपेक्षा सफरींना वाहिलेले क्लब काही आजचे नाहीत. ब्रिटनमधील रॉयल क्रूझिंग क्लब १८८० साली आणि क्रूझिंग असोसिएशन १९०८ साली स्थापन झाली. नौका, नकाशे आणि अनुभव एकमेकांच्या उपयोगी पडावेत, ही गरज तेव्हाही हीच होती.

ही गाठ समुद्रावर पडत नाही, ती आधी किनाऱ्यावर पडते. नौका पाण्याबाहेर असतात त्या महिन्यांत क्लबच्या खोलीत दोर जोडण्याचे, गाठी मारण्याचे, भरती-ओहोटीची कोष्टके वाचण्याचे जे वर्ग चालतात, त्यांतूनच कोण कोणाबरोबर निघणार हे ठरत जाते. एखादा नवा सभासद शांतपणे ऐकतो की सगळे आपल्यालाच ठाऊक असल्यासारखा बोलतो, हे चार संध्याकाळींत कळते. आणि ज्याच्याबरोबर अरुंद केबिनमध्ये दोन रात्री काढायच्या त्याच्याविषयी तेवढे कळलेले बरे असते. तळाला रंग देण्याच्या सामुदायिक कामात तर मालक आणि खलाशी हा भेदही उरत नाही, कारण सगळ्यांचेच कपडे सारखे खराब होतात.

सफरीतील सर्वांत आनंदाची वेळ संध्याकाळची, आणि तीच सर्वांत जास्त शिस्तीची असते, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आडोशाच्या पाण्यात पोहोचल्यावर ताफ्यातील सर्वांत जड नौका आधी नांगर टाकते. साखळी असेल तर पाण्याच्या खोलीच्या किमान चौपट आणि साखळीला दोर जोडलेला असेल तर सहा-सात पट लांबी सोडायची, आणि ती खोली मोजताना रात्री येणाऱ्या भरतीची वाढ धरायची. उधाणाच्या दिवसांत ही वाढ विसरलेल्या नौकेचा नांगर भरतीबरोबर सुटतो. मग दोन्ही बाजूंनी एकेक नौका फेंडर (घासू नये म्हणून मध्ये लावायच्या गाद्या) लावून तिला हळूहळू बिलगते. पुढचे, मागचे आणि तिरपे दोर बांधताना शेजारच्या दोन डोलकाठ्या एका रेषेत येऊ द्यायच्या नसतात, कारण एखादी मोठी लाट आली आणि नौका उलटसुलट डुलल्या, तर वरचे आडवे दांडे एकमेकांवर आदळतात. वारा फिरल्यास कोणी आधी सुटायचे आणि कोणत्या बाजूला जाऊन स्वतंत्र नांगर टाकायचा, हे जेवणाला बसण्यापूर्वीच ठरलेले असते. एवढे झाले की मुले एका डेकवरून दुसऱ्या डेकवर धावू लागतात, आणि नव्या सभासदाला एका संध्याकाळी पाच नौकांची अंतर्रचना, पाच प्रकारचे विंच (दोर ताणायच्या चरख्या) आणि पाच स्किपरांची (नौकाप्रमुखांची) परस्परविरोधी मते ऐकायला मिळतात. दुसऱ्याच्या नौकेवरून पलीकडे जाताना कॉकपिटमधून (सुकाणूजवळच्या बसायच्या जागेतून) न जाता पुढच्या डेकवरून जायचे, हा शिष्टाचारही तिथेच अंगवळणी पडतो. समितीचा आग्रह एवढाच आहे की हे सारे सुरक्षिततेच्या पायावर उभे असावे, नशिबाच्या नव्हे.

आता प्रत्यक्ष गरजांविषयी. सर्वांत पहिली आणि सर्वांत मोठी गरज लाईफजॅकेटांची आहे. मुक्कामी सफरीसाठी किमान १५० न्यूटन उत्प्लावकतेचे (म्हणजे पाण्यावर तरंगत ठेवणाऱ्या जोराचे), बेशुद्ध माणसालाही तोंड पाण्याबाहेर राहील असे वळवू शकणारे जॅकेटच क्लब मान्य करतो. ५० न्यूटनचे साधन हे पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असतानाच पुरेसे असते. त्याला लाईफजॅकेट म्हणणेच चूक आहे. आपोआप फुगणाऱ्या १५० न्यूटनच्या प्रौढ जॅकेटात साधारणतः ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे असते. ते वजन करून पाहावे लागते, गंजले असल्यास टाकावे लागते, आणि पाण्याचा स्पर्श ओळखून ते फोडणाऱ्या यंत्रणेचा भाग मुदतीत बदलावा लागतो. आपल्या कपाटातील अनेक जॅकेटांमध्ये हा भाग मुदतबाह्य आहे. मुलांच्या मापाची जॅकेटे तर मुळातच अपुरी आहेत. मोठ्यांचे जॅकेट आवळून मुलाला घालणे हा उपाय नव्हे, कारण पाण्यात पडल्यावर मूल त्यातून खाली निसटते. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेले, वजनानुसार योग्य मापाचे जॅकेटच त्याला लागते. मुलांसाठी पुरेशी जॅकेटे जमली नाहीत तर कुटुंबांच्या सफरी रद्द होतील, आणि समितीला सर्वांत जास्त वाईट त्याचेच वाटेल.

दुसरी गरज लाईफराफ्टच्या, म्हणजे नौका सोडावी लागल्यास चढायच्या फुगवता येणाऱ्या तराफ्याच्या, तपासणीची. ज्या नौकांकडे स्वतःचे राफ्ट नाही त्यांना क्लब सफरीपुरते आपले राफ्ट देतो. उत्पादकाने ठरवून दिलेल्या मुदतीत ते अधिकृत केंद्रात उघडून, फुगवून, आतले पाणी, ज्योती आणि औषधे बदलून पुन्हा बांधून घ्यावे लागते. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, कारण परत येते ती तीच बंद पेटी. म्हणूनच त्यासाठी देणगी मागणे अवघड जाते. यासोबत नव्या संकट-ज्योतीही घ्यायच्या आहेत: रात्रीसाठी हातात धरायच्या लाल ज्योती, दुरून दिसणारे छत्रीवाले लाल रॉकेट आणि दिवसासाठी नारिंगी धूर.

तिसरी गरज संपर्कसाधनांची. हातात धरायच्या व्हीएचएफ (सागरी रेडिओ) संचाची शक्ती पाच-सहा वॅटच्या आसपास असते, आणि त्याचा अँटेना पाण्यापासून जेमतेम माणसाच्या उंचीवर असतो. व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जात असल्याने ताफ्यातील मागे राहिलेल्या नौकेशी अशा संचावरून बोलणे लवकरच अशक्य होते. डोलकाठीच्या टोकावर अँटेना असलेला २५ वॅटचा, डिजिटल संकट-संदेश देणारा संच प्रत्येक सहभागी नौकेवर असावा, असे आमचे उद्दिष्ट आहे. मदतीच्या हाकेसाठी चॅनेल १६ आणि डिजिटल संदेशासाठी चॅनेल ७० हे जगभर राखीव आहेत. परंतु राखीव चॅनेलचा उपयोग तिथपर्यंत आवाज पोहोचला तरच. किनाऱ्यापासून दूर जाणाऱ्या सफरींसाठी ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारे उपग्रह-दर्शक, म्हणजेच संकटात उपग्रहांमार्फत मदतीचा संकेत पाठवणारे ईपर्ब, आवश्यक आहेत. कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह-व्यवस्थेमार्फत १९८२ पासून माणसे वाचवली जात आहेत. ईपर्ब चालू केल्यापासून किमान ४८ तास संकेत देत राहावे अशी अपेक्षा असते, म्हणून त्याच्या बॅटरीची मुदत काटेकोरपणे पाळावी लागते. शिवाय क्लबचे ईपर्ब एका नौकेवरून दुसरीवर जात असल्यामुळे दर सफरीआधी नौकेची नोंद अद्ययावत करणे भाग आहे. नाहीतर शोधपथक भलत्याच नौकेचे वर्णन घेऊन निघेल. या एका कामासाठी आम्हाला पैसे नकोत, चिकाटीने कागदपत्रे सांभाळणारा एक माणूस हवा आहे.

साहित्याइतकेच ते वापरण्याचे शिक्षण महत्त्वाचे आहे. १९७९ च्या फास्टनेट या ब्रिटनमधील शिडाच्या नौकांच्या सागरी शर्यतीत ३०३ नौका निघाल्या होत्या. वादळात १५ स्पर्धकांचा मृत्यू झाला आणि २४ नौका सोडून देण्यात आल्या. त्या २४ पैकी फक्त पाच बुडाल्या; उरलेल्या नंतर तरंगताना सापडल्या. नौका खरोखर पायाखालून जात असतानाच राफ्टमध्ये जायचे, हा धडा तेव्हापासून जगभर शिकवला जातो; परंतु तो वर्गात ऐकणे वेगळे आणि पूर्ण कपड्यांनिशी, फुगलेले जॅकेट घालून, उलटलेले राफ्ट सरळ करून पाहणे वेगळे. असा सराव शांत, बंदिस्त पाण्यात आधी करावा लागतो. ज्यांच्या व्यवस्थापनाखाली पोहण्याचा तलाव आहे त्यांनी एखादी संध्याकाळ तो आम्हाला वापरू दिला, तर ती मोठ्या देणगीइतकीच मोलाची ठरेल. प्रथमोपचार शिकवू शकणारे डॉक्टर व परिचारिका, जाड कापडावर शिलाई करू शकणारे, विद्युत-जोडणीचे काम जाणणारे, अशा सर्वांच्या काही तासांची क्लबला गरज आहे.

नौकामालक सभासदांकडे एक वेगळी विनंती आहे. मुक्कामाच्या प्रत्येक सफरीत आपल्या नौकेवरील निदान एक जागा नौका नसलेल्या सभासदासाठी राखून ठेवावी आणि ती हंगामाच्या आरंभीच क्लबला कळवावी. ऐनवेळी मोकळी झालेली जागा कोणाच्याच कामी येत नाही, कारण सोबत्याला आपल्याबरोबर आधी एखादी छोटी फेरी करून पाहता आली पाहिजे.

वस्तुरूपाने मदत देऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र कृपया आधी विचारावे. जुनी जॅकेटे, मुदत संपलेल्या ज्योती किंवा कित्येक वर्षे न उघडलेले राफ्ट आम्ही स्वीकारू शकत नाही. हेतू चांगला असला तरी अशा वस्तू कपाटात आल्या की घाईच्या वेळी कोणी तरी त्या उचलतोच, आणि मुदतबाह्य ज्योतींची विल्हेवाट लावणे हे स्वतंत्र डोकेदुखीचे काम आहे. चांगल्या स्थितीतील फेंडर, दोर, नांगर, साखळी, दुर्बिणी आणि अलीकडच्या आवृत्तीचे सागरी नकाशे यांचे मात्र स्वागत आहे.

जमा होणारी रक्कम क्लबच्या सर्वसाधारण निधीत मिसळली जाणार नाही. तिचा स्वतंत्र हिशेब ठेवला जाईल. खरेदीपूर्वी मागवलेली दरपत्रके आणि नंतरची बिले क्लबच्या फलकावर लावली जातील, आणि वार्षिक सभेत तपासलेला जमाखर्च मांडला जाईल. निधी अपुरा पडल्यास खर्चाचा क्रम असा राहील: आधी मुलांची जॅकेटे, मग प्रौढांच्या जॅकेटांची दुरुस्ती, त्यानंतर राफ्टची तपासणी आणि शेवटी संपर्कसाधने. हा क्रम काहींना पटणार नाही याची समितीला कल्पना आहे. सूचना लेखी द्याव्यात, त्यांवर पुढील बैठकीत चर्चा होईल. देणगीदारांची नावे त्यांच्या संमतीनेच प्रसिद्ध केली जातील, आणि कोणत्याही वस्तूवर ती रंगवली जाणार नाहीत.

देणगी क्लबच्या खजिनदारांकडे देऊन छापील पावती घ्यावी. वेळ किंवा कौशल्य देऊ इच्छिणाऱ्यांनी क्लबच्या खोलीत ठेवलेल्या वहीत आपले नाव, काम आणि सोयीचे दिवस लिहावेत. नौका पाण्यात उतरवण्याच्या दिवसापर्यंत ही वही खुली राहील, आणि त्यानंतरच्या पहिल्या बैठकीत या हंगामात कोणत्या मुक्कामी सफरी काढता येतील ते समिती जाहीर करील.

आपली,
कार्यकारी समिती