चीज बिघडले की दोष दुधाचाच का?

संपादक महोदय,

लहान प्रमाणावर चीज तयार करणारे व्यावसायिक आता गोव्यातही आहेत आणि आमच्यासारखे शेतकरी त्यांना दूध घालतात. टाकीतला माल बिघडला की पहिला संशय दुधावर घेतला जातो. गायीला प्रतिजैविकाचे इंजेक्शन चालू असताना दूध घातले असे ठरवून पैसे कापले जातात. माझ्याबाबतीत हेच घडले आणि त्या दुधाची तपासणी मात्र कोणीही केली नव्हती.

प्रतिजैविकाचा अंश आला तर विरजण मंदावते, हे खरे आहे आणि त्याबाबत शेतकऱ्याने हयगय करता कामा नये. परंतु विरजणातील जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफाज, शिरले तरी लक्षणे अगदी तीच दिसतात. न्यूझीलंडमधील व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी १९३५ सालीच हे दाखवून दिले होते. फाज जिवाणूच्या कवचाला चिकटून आपला जनुकीय ऐवज आत सोडतो आणि साधारण तासाभरात तो जिवाणू फुटून त्यातून डझनावारी नवे फाज बाहेर पडतात. रेनेट या दूध गोठवणाऱ्या विकरामुळे दूध गोठते, पण आम्लता वाढत नाही, सकाळी ६.६ असलेला पीएच (आम्लता वाढली की हा आकडा उतरतो) दुपार झाली तरी ६.३च्या आसपास रेंगाळतो, गोठलेले दूध मऊच राहते आणि निवळी, म्हणजे त्यातले पाणी, नीट सुटत नाही. फाज माणसाला अपाय करीत नाहीत, मात्र आम्लता न वाढलेल्या दुधात स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूंचे फावते, म्हणून असा माल विकणे धोक्याचे असते.

हे विषाणू कच्च्या दुधातूनही येतात, हे मी नाकारत नाही. परंतु त्यांची बेसुमार वाढ होते ती टाकीत, जमिनीवर सांडलेल्या निवळीत आणि न धुतलेल्या नळ्यांत. दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवले तरी त्यांतील कित्येक तग धरतात. घरच्या दह्याला हा त्रास सहसा जाणवत नाही, कारण घरगुती विरजणात अनेक प्रकारचे जिवाणू एकत्र नांदतात आणि एका जातीचा फाज त्या सर्वांना मारू शकत नाही; मोजक्या वाणांच्या तयार विरजणाला ही सोय नसते. म्हणूनच विरजणाचे वाण आलटून पालटून वापरणे आणि निवळी टाकीपासून दूर ठेवणे, ही कारखानदाराची जबाबदारी आहे.

दोष कोणाचा, हे ओळखणे अवघड नाही. बिघडलेल्या टाकीतील निवळी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून तेच विरजण लावलेल्या ताज्या दुधात मिसळावी. ती हजारपट पातळ केली की प्रतिजैविकाचा परिणाम उरत नाही. फाज असतील तर ते वाढत जातात आणि विरजण तरीही मार खाते.

गोवा विद्यापीठाचा सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आणि जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था यांच्या मदतीने शासनाने ही तपासणी माफक शुल्कात उपलब्ध करून द्यावी. तसेच दूध स्वीकारतानाच उत्पादकासमक्ष त्याचा मोहोरबंद नमुना काढून थंड जागी ठेवावा आणि त्याचा अहवाल हाती येईपर्यंत कोणाचेही पैसे कापू नयेत, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक दूध उत्पादक, वाळपई (सत्तरी)