हयातीचा दाखला

पंचवटी, नाशिक

चि. मल्हार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा रात्री अडीच वाजता तू फोनवर "बाबा, मी आहे हे कशावरून?" असे विचारलेस आणि मी "आधी झोप" म्हणताच फोन ठेवलास. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही हे तेव्हाही कळत होते. परंतु मुलगा अडीच वाजता जागा आहे, एवढेच माझ्या डोक्यात शिरले. या पत्रात झोपेचे नाव काढायचे नाही, असे ठरवून बसलो आहे.

काल हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत गेलो होतो. तेहतीस वर्षे खडू धरून अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्या आहेत. यंत्राने तो चार वेळा नाकारला. शेवटी मोबाइलसमोर चेहरा धरून डोळे मिचकावले, तेव्हा कुठे मी हयात ठरलो. या सगळ्या खटाटोपात माझ्या असण्याविषयी मला स्वतःला क्षणभरही शंका आली नाही, कारण दाखला हवा होता तो पेन्शन देणाऱ्यांना.

तू देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचे नाव घेतलेस. त्याने १६४१ साली छापलेल्या चिंतनांत असे धरून पाहिले, की एखादा कपटी राक्षस आपल्याला जग, देह, गणितसुद्धा भासवत असेल. तरी शंका घेणारा तेवढा त्याला पुसता आला नाही. आद्य शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच म्हणतात, "सर्वो ह्यात्मास्तित्वं प्रत्येति, न नाहमस्मीति." प्रत्येकाला आपण आहोत याची प्रतीती असते, 'मी नाही' असे कोणालाही वाटत नाही. यावर 'शंका आहे खरी, पण ती माझी कशावरून?' असा आक्षेप तू घेशील. नागसेन या बौद्ध भिक्षूनेही मिलिंद राजाला चाक, आस, जू एकेक करून विचारले होते, की यांतला रथ कोणता; 'मी'चेही तसेच, असे त्याचे म्हणणे. आपली पांडवलेणी ज्यांच्यासाठी कोरली, त्या भिक्षूंना तो आक्षेप पटला असता. मीही तो मान्य करतो. मात्र 'मी' कोण आहे हा वाद त्यानंतरही उरतो, आणि 'इथे काहीच नाही' असे म्हणायलाही कोणीतरी लागतेच.

पुन्हा वर्गात उभा राहिल्यासारखे लिहीत सुटलो, क्षमा कर. खरे तर मी आचार्यांच्या 'मी नाही असे कोणालाही वाटत नाही' या वाक्यापाशीच अडखळलो, कारण तुला तसे वाटते आहे. शोधता शोधता नको ते वाचले. कोतार नावाच्या फ्रेंच वैद्याने १८८० साली एका बाईची हकीकत मांडली होती. आपल्याला मेंदू नाही, छाती नाही, असे ती ठामपणे सांगत असे. त्यानंतर माझा डोळा लागला नाही. तुझे तसे नाही, हे मला ठाऊक आहे. पण एवढे उमगले, की आपण आहोत हे कळणे निराळे आणि ते जाणवणे निराळे. कळण्याला युक्तिवाद पुरतो. जाणवणे मात्र जागरणाने, उपाशीपोटी, एकटे राहून विरत जाते आणि देकार्तच्या पानांतून ते परत मिळत नाही. म्हणून विचारतो, झोपतोस ना? डॉक्टरांना दाखवण्यात कमीपणा नाही. हवे तर मी सोबत येईन.

२०१५ च्या सिंहस्थात तू रामकुंडाजवळ हातातून सुटलास, तेव्हा आठ वर्षांचा होतास. हरवल्या-सापडल्याच्या मंडपात तू सापडेपर्यंत तुझ्या आईने वाटेतल्या प्रत्येक पोलिसाला गाठले होते. तुला मात्र आमच्या रडण्याचेच नवल वाटले. "मी तर इथेच होतो," म्हणालास. नदी ओलांडून आल्यावर सोबत्यांना मोजताना स्वतःला मोजायचे विसरलेल्या दहाव्या माणसाची गोष्ट मी मुलांना वर्षानुवर्षे सांगितली, पण त्या दिवसापासून ती सांगताना माझा आवाज जड होत असे.

तुझ्या आईला फोनचे सांगितलेले नाही. तू असा प्रश्न विचारतोस याचा मला अभिमानही वाटतो, हे परवाच म्हणायला हवे होते. रविवारी सकाळच्या बसने पुण्याला येतो आहे. गोधडी आणि आत्याने दिलेला चिवडा आणतो. तोवर फोन कर. अडीच वाजता केलास तरी उचलीन.

तुझा,
बाबा