गोळी महाग नाही, मिळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पॅरासिटामॉल महागली महागली म्हणून काल तुमच्या पेपरात जो गळा काढलाय, तो लिहिणाऱ्याने एकदा तरी मेडिकलवर जाऊन भाव विचारला होता का? लेखात आठवण काढलीय तशी किराणा दुकानात बरणीतून सुटी गोळी चार आण्याला मिळायची तेव्हा आमच्या स्टँडवर चहा रुपयाला होता. आज तो चहा दहा रुपये आहे आणि साधी 500 मिलिग्रॅमची गोळी रुपयाच्या आसपासच, कारण ती आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि सरकारने तिचा जास्तीत जास्त भाव बांधून दिलाय. 2022 ला पावणेअकरा टक्के, 2023 ला बारा टक्के वाढ मंजूर झाली तेव्हा बोंब झाली, पण रुपयावर बारा टक्के म्हणजे बारा पैसे हो! आणि 22 सप्टेंबर 2025 पासून औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याचं तर लेखात नावच नाही.

महागाई शोधायचीच असेल तर काउंटरवर उभं राहा. मे महिन्यात आईला ताप होता, बाहेर आपला तो खान्देशी उन्हाळा, मी स्टँडजवळच्या एका मेडिकलवर गेलो, म्हटलं माले दोनच गोया दे ना भो, साध्या 500 च्या. त्याने न बघता दुसरंच पाकीट पुढे टाकलं, पॅरासिटामॉल अधिक अजून काहीतरी, म्हणे आता हीच चालते, लवकर फरक पडतो. आईला किडनीचा त्रास आहे, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय की साधी पॅरासिटामॉल सोडून दुखण्याची दुसरी कुठलीही गोळी द्यायची नाही. हे सांगितलं तर म्हणतो साधी संपली. मागच्या कप्प्यात तिचे डबे मला इथून दिसत होते! ते दाखवल्यावर म्हणे पाकीट कापत नाही, पुरं घ्या नाहीतर राहू द्या. मागे पाच-सहा जण उभे, तेही माझ्याकडेच बघताय की हा काय दोन रुपयांसाठी भांडतोय. शेवटी पुरं पाकीट घेऊन आलो, काय करणार.

आता यातली गंमत बघा. यादीतल्या गोळीचा भाव सरकार ठरवतं, पण ही जी दोन-तीन औषधं एकत्र करून केलेली पाकिटं असतात ती बहुतेक यादीबाहेर, त्यांचा भाव कंपनीला वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. मग कोणतं पाकीट पुढे येणार? आणि सुटी गोळी विकली तर छापील किमतीच्या हिशोबानेच पैसे घ्यायचे, हा नियम 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशात आहे, तरी खेड्यावर एका गोळीचे पाच रुपये सर्रास घेतात. यावर लिहा ना साहेब. चार आण्याच्या आठवणी आमच्याकडेही भरपूर आहेत, त्यासाठी पेपर लागत नाही.

सगळे मेडिकलवाले असेच आहेत असं माझं म्हणणं नाही, आमच्या गल्लीच्या तोंडावरचा पोरगा रात्री शटर उघडून दोन गोळ्या देतो आणि सुटे नसले तर उद्या द्या म्हणतो. कापताना मुदतीची तारीख असलेला तुकडा मात्र तोही स्वतःकडेच ठेवतो, ते एक त्याला सांगायचं राहिलंय.

जाता जाता, केळीचे भाव तुम्ही हल्ली इतके बारीक छापता की चष्मा लावून दिसत नाही. रावेर-यावलकडचे आमचे पाहुणे सकाळी फोन करून मलाच विचारता, बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला. लेखांचे मथळे तेवढे जरा लहान करा, जागा होईल.

आपला,
एक जुना वाचक, पारोळा